माप नळाशीच हवे

पुणे महानगरपालिकेच्या पाण्याचा दर्जा कसा आहे, या प्रश्नाला प्रशासनाकडून येणारे उत्तर बहुधा जलशुद्धीकरण केंद्राच्या दारापाशी थांबते, आणि नागरिकाला मात्र ते उत्तर स्वयंपाकघरातल्या नळापाशी हवे असते. पर्वती, वडगाव किंवा वारजे येथील केंद्रातून बाहेर पडणारे पाणी उत्तम असते, हे मान्य करूनही तेच पाणी काही किलोमीटर जुन्या नळांतून, टाक्यांतून आणि सोसायट्यांच्या हौदांतून फिरून घरात पोहोचेपर्यंत कसे राहते, हा प्रश्न शिल्लक उरतो. जेथे शुद्धीकरण केंद्राचे पाणी पोहोचलेलेच नाही, अशा समाविष्ट गावांत तर तो अधिकच तीव्र होतो. २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन बॅरे सिंड्रोम म्हणजेच ‘जीबीएस’चे रुग्ण एकापाठोपाठ एक आढळू लागले आणि संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली, तेव्हा हा प्रश्न कागदावरून रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागात येऊन पोहोचला.

जीबीएस हा स्वतः संसर्गजन्य रोग नव्हे. एखाद्या संसर्गाशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करतात, पायांपासून सुरू झालेला अशक्तपणा वर चढत जातो आणि श्वसनाचे स्नायू निकामी झाले तर रुग्णाला कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवावे लागते. अशी चूक घडवणाऱ्या जंतूंमध्ये ‘कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी’ हा जिवाणू जगभर सर्वाधिक परिचित आहे, कारण त्याच्या बाह्य आवरणातील काही शर्करायुक्त रेणूंची रचना मज्जातंतूंवरील रेणूंशी मिळतीजुळती असते. पुण्यातील राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेच्या तपासणीत काही रुग्णांच्या नमुन्यांत हाच जिवाणू, तर काहींत नोरोव्हायरस आढळला. हे दोन्ही जंतू विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून किंवा अन्नातून पोटात जातात. कॅम्पिलोबॅक्टरची बाधा झालेल्या साधारण हजार जणांपैकी एकाला जीबीएस होतो, असा वैद्यकशास्त्राचा अंदाज आहे, आणि तो जुलाबानंतर एक ते तीन आठवड्यांनी दिसू लागतो. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या, तर या जिवाणूमुळे लुळ्या पडलेल्या प्रत्येक रुग्णामागे कितीतरी घरांत आधीच जुलाब होऊन गेलेले असणार, हे उघड होते. परिसरातील दवाखान्यांतून जुलाबाच्या रुग्णांची दैनंदिन नोंद एका ठिकाणी येत असती, तर इशारा काही आठवडे अगोदर मिळण्याची शक्यता होती. जीबीएसवरील महागडी इंजेक्शने आणि मोफत उपचारांची घोषणा आवश्यकच होती, पण कॅम्पिलोबॅक्टर हा क्लोरिनपुढे आणि उकळत्या पाण्यापुढे अजिबात न टिकणारा जिवाणू आहे, ही बाब त्या घोषणांच्या गदारोळात जितकी टोचायला हवी होती तितकी टोचली नाही.

रुग्णांची दाटी नांदेड, किरकटवाडी, नांदोशी, धायरी आणि खडकवासला या पट्ट्यात होती, हा योगायोग नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ आणि जून २०२१ मध्ये आणखी २३ गावे महापालिकेच्या हद्दीत आली, महापालिकेचे क्षेत्र पाचशे चौरस किलोमीटरांच्या पुढे गेले आणि क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठी महापालिका असे बिरुद पुण्याला लाभले. गावांचा समावेश एका अधिसूचनेने होतो, जलवाहिनीला मात्र वर्षे लागतात. नांदेड गावातील ज्या विहिरीतून आसपासच्या गावांना पाणी दिले जात होते, ते गाळणी, निवळणी या टप्प्यांतून न जाता केवळ निर्जंतुक करून सोडले जात होते. पुणे शहराची तहान भागवणारे धरण ज्यांच्या उशाशी आहे, त्या गावांनाच शुद्धीकरण केंद्रातून आलेले पाणी मिळू नये, हा विरोधाभास नियोजनाच्या क्रमाविषयी बरेच काही सांगून जातो. या गावांत टोलेजंग इमारतींना परवानग्या आधी मिळाल्या, मालमत्ता कराची बिले त्यानंतर आली आणि पाण्याचा आराखडा सर्वांत शेवटी आला.

यात एक फारशी चर्चा न झालेली गोष्ट आहे. गाव ग्रामपंचायतीकडे असताना पाण्यावर देखरेख ठेवणारी एक साधी, पण रुळलेली पद्धत महाराष्ट्रात आहे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल पावडर म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो, ‘ओटी टेस्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीत पाण्याला येणाऱ्या पिवळ्या छटेवरून क्लोरिन शिल्लक आहे की नाही ते पाहतो, आणि जिल्हा परिषदेची आरोग्य यंत्रणा जलस्रोतांचे सर्वेक्षण करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देते. लाल कार्ड म्हणजे धोका, हे गावातल्या कोणालाही समजते. जल जीवन मिशनमध्ये तर गावातील महिलांना तपासणी संच देऊन प्रशिक्षित करण्याची तरतूद आहे. ही पद्धत निर्दोष नाही. पावडर ओलसर खोलीत महिनोन्महिने पडून तिच्यातील क्लोरिन उडून जातो आणि वहीतल्या नोंदी मात्र नियमित राहतात, असे अनेक ठिकाणी घडते. तरीही ती लोकांच्या डोळ्यांसमोरची पद्धत आहे. गाव महापालिकेत गेले की जिल्हा परिषदेचा अधिकार संपतो आणि कार्डही जाते, पण त्याच्या जागी शहरी प्रयोगशाळेची तितकीच दृश्य अशी व्यवस्था येत नाही. शहरात आल्यामुळे गावाच्या पाण्यावरची नजर कमी व्हावी, असे समावेशाच्या बाजूने बोलणाऱ्या कोणालाही अभिप्रेत नसेल.

मूळ शहरातील पेठा आणि उपनगरे यांनी यावरून आपण सुरक्षित असल्याचा निष्कर्ष काढू नये. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक, म्हणजे आयएस १०५००, असे सांगते की १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जिवाणू अजिबात आढळता कामा नये, आणि पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन उरलेला असावा. विषाणूंपासून संरक्षण हवे असल्यास हे प्रमाण ०.५ असावे. या उरलेल्या, म्हणजेच अवशिष्ट, क्लोरिनचे काम शुद्धीकरण संपल्यावर सुरू होते, कारण वाटेत कोठे घाण शिरली तर तिच्याशी झुंजण्यासाठी त्याला मुद्दाम शिल्लक ठेवलेले असते. तो नळाशी सापडला नाही, तर एक तर टाकला कमी गेला किंवा वाटेत काहीतरी शिरून त्याने तो संपवला, असे दोनच अर्थ निघतात, आणि दोन्ही तपासण्याजोगे आहेत.

घाण शिरण्याची वाट आपल्या पाणीपुरवठ्याच्या पद्धतीतच आहे. दिवसातून ठरावीक तास पाणी सोडण्याच्या पद्धतीत उरलेला वेळ वाहिनी रिकामी किंवा अर्धी भरलेली राहते, तिच्यातील दाब बाहेरच्या ओलसर मातीपेक्षा कमी होतो आणि सांध्यांतील बारीक फटींतून शेजारच्या सांडपाणी वाहिनीची गळती आत ओढली जाते. नळाला थेट मोटार लावणारे ग्राहक हा उलटा ओढा आणखी वाढवतात, आणि तसे करणे नियमबाह्य असले तरी ते कोणत्या आळीत चालते हे व्हॉल्व्हमनपासून कोणालाही ठाऊक असते. देखभाल-दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद आणि शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पुरवठा, ही सूचना पुणेकरांना तोंडपाठ आहे; ‘कमी दाब’ या शब्दांत गैरसोयीपलीकडचा, आरोग्याचाही अर्थ दडलेला आहे, याकडे मात्र सूचना देणाऱ्याचे आणि वाचणाऱ्याचे सारखेच दुर्लक्ष होते. बंदनंतरचे पहिले पाणी गढूळ आले, तर त्यातील क्लोरिन किती होता हे त्याच दिवशी मोजले जायला हवे.

चोवीस तास पुरवठा हा यावरचा खरा अभियांत्रिकी उपाय आहे, कारण सतत दाबाखाली असलेल्या वाहिनीतून पाणी बाहेर गळू शकते, बाहेरचे पाणी आत येऊ शकत नाही. महापालिकेची समान पाणीपुरवठा योजना याच तत्त्वावर आखलेली असून तिच्यासाठी २०१७च्या जूनमध्ये दोनशे कोटी रुपयांचे कर्जरोखे काढले गेले, तेव्हा त्याचे देशभर कौतुक झाले होते. शहराचे १४१ विभाग, ऐंशीहून अधिक साठवण टाक्या, नव्या वाहिन्या आणि मीटर असा तिचा विस्तार आहे. टाक्या उभ्या राहिल्या, मीटर बसवताना वाद झाले, मुदती पुढे सरकत राहिल्या. आणि मूळ आराखडा या गावांच्या समावेशाआधीचा असल्याने ज्यांना त्याची सर्वाधिक गरज आहे ते त्याच्या बाहेरच राहिले. १८६८ मध्ये जोतीराव फुले यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी आपल्या घराचा हौद ज्या शहरात खुला केला, त्या शहराने योजनेच्या नावात ‘समान’ हा शब्द घालताना तो जपून वापरायला हवा होता.

नळावरचा विश्वास उडालेला नागरिक थंड पाण्याच्या जारकडे वळतो. साथीच्या काळात सिंहगड रस्ता परिसरातील अनेक खासगी आरओ प्रकल्पांच्या पाण्याचे नमुने दूषित आढळून महापालिकेने त्यांना टाळे ठोकले, तेव्हा या पर्यायाचेही पितळ उघडे पडले. बाटलीबंद पाण्याला अन्न सुरक्षा कायद्याखाली परवाना लागतो; मोहोरबंद नसलेला जार मात्र बाटलीबंद पाण्याच्या व्याख्येतून निसटतो आणि त्याच्यावर नजर कोणी ठेवायची याबाबत खाती एकमेकांकडे बोट दाखवतात. शिवाय सह्याद्रीच्या बेसॉल्ट खडकावरून धरणात येणाऱ्या पाण्यात विरघळलेले क्षार मुळातच कमी असतात, त्यामुळे धरणाच्या पाण्यासाठी आरओची फारशी गरज नसते. हे यंत्र बरेच पाणी वाया घालवते आणि पाण्यातला संरक्षक क्लोरिनही काढून टाकते. घरोघरी आरओ बसवून मध्यमवर्गाने आपला प्रश्न सोडवून घेतला, की सार्वजनिक नळासाठी भांडणारा आवाज तेवढा क्षीण होतो, हे त्या यंत्राच्या किमतीत कोणी धरत नाही.

कायद्याची उणीव याहून मूलभूत आहे. आयएस १०५०० हे मानक नळाच्या पाण्यासाठी स्वेच्छेचे आहे. ते पाळले गेले नाही म्हणून एखाद्या महापालिकेवर थेट कारवाई होत नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने राजधान्यांच्या नळांचे नमुने तपासून निकाल जाहीर केले, तेव्हा मुंबईचे नमुने तपासलेल्या सर्व निकषांवर उतरले आणि दिल्लीचे नापास झाले. मानक बंधनकारक करण्याची चर्चा त्या वेळी जोरात झाली आणि यथावकाश थंडावली.

अशा घटनेतून धडा कसा घेतात, याचे उदाहरण कॅनडातील वॉकरटन या जेमतेम पाच हजार वस्तीच्या गावाने घालून दिले आहे. मे २००० मध्ये मोठ्या पावसानंतर गोठ्यातील घाण तेथील पाणीपुरवठ्याच्या विहिरीत शिरली, ई. कोलाय आणि कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हे दोन्ही जिवाणू नळांतून घराघरांत गेले, दोन हजारांहून अधिक लोक आजारी पडले आणि सात जण दगावले. न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या चौकशीत असे निष्पन्न झाले की पुरवठ्यावरील कर्मचारी क्लोरिनच्या खोट्या नोंदी करत होते, आणि खासगी प्रयोगशाळेने पाणी दूषित असल्याचा अहवाल फक्त पुरवठादाराला दिला, आरोग्य अधिकाऱ्यांना कळवले नाही. त्यानंतर ऑन्टारिओ प्रांताने २००२ मध्ये सुरक्षित पेयजलाचा स्वतंत्र कायदा केला, पाणी सोडणाऱ्यांना प्रशिक्षण व परवाना सक्तीचा केला आणि प्रतिकूल अहवाल आरोग्य यंत्रणेला तत्काळ कळवणे बंधनकारक केले. विहीर, पाऊस, जिवाणू आणि क्लोरिनची वही ही त्या प्रकरणातील पात्रे पुण्याला अनोळखी नाहीत. अनोळखी आहे ती जाहीर, साक्षीपुरावे नोंदवणारी चौकशी. मार्च २०२२ पासून महापालिकेत निर्वाचित सभागृह नव्हते, त्यामुळे साथीच्या वेळी प्रशासनाला जाब विचारण्याचे हक्काचे व्यासपीठही नव्हते, हे येथे नोंदवायला हवे.

हे आवाक्याबाहेरचे आहे, असे म्हणण्याची सोय नाही. कऱ्हाडजवळच्या मलकापूरने लहान नगरपंचायत असताना चोवीस तास मीटरने पाणी देऊन दाखवले, आणि ओडिशातील पुरी शहराने २०२१ मध्ये थेट नळाचे पाणी पिण्याजोगे केल्याची घोषणा करून ते चौकाचौकांत उपलब्ध केले. पुण्यासारख्या महापालिकेला पैशांची सबब शोभत नाही. समाविष्ट गावांसाठी शुद्धीकरण केंद्र आणि वाहिन्या यांना वेळ लागेल हे मान्य केले, तरी मधल्या काळात करण्याजोगी कामे खर्चाची नाहीत. प्रत्येक टाकीच्या शेवटच्या टोकावरील नळांचे नमुने रोज घ्यावेत. त्यांतील अवशिष्ट क्लोरिन व ई. कोलायचे निष्कर्ष प्रभागनिहाय त्याच दिवशी प्रसिद्ध करावेत. पाणी पुरवणाऱ्या खात्याने नव्हे, आरोग्य खात्याने किंवा बाहेरच्या प्रयोगशाळेने ही तपासणी करावी. आणि दवाखान्यांतील जुलाबाच्या नोंदी त्याच नकाशावर मांडाव्यात. गुरुवारच्या बंदनंतर शुक्रवारचे नमुने वेगळे दाखवावेत. सोसायट्यांचे जमिनीखालचे हौद वर्षातून किमान दोनदा धुऊन त्याची नोंद दर्शनी भागात लावणे ही व्यवस्थापन समितीची जबाबदारी महापालिकेने उपविधीतून ठरवावी. नांदेडच्या विहिरीपासून किरकटवाडीच्या शेवटच्या नळापर्यंतच्या क्लोरिनच्या नोंदी, साथीच्या आधीच्या तीन महिन्यांसह, महापालिकेने सर्वांत आधी खुल्या कराव्यात, आणि त्या मागण्यासाठी कोणाला माहितीच्या अधिकारात अर्ज करावा लागू नये.