कासिनोच्या दगडावरची मराठी नावं

(पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा, पण वाचा.)

इटलीच्या टूर आता तालुक्याच्या गावातूनही निघतात. रोम, व्हॅटिकन, पिसा, फ्लॉरेन्स, व्हेनिस. रोज रात्री भारतीय जेवण आणि बसमध्ये अंताक्षरी. त्याला नावं ठेवायची नाहीत, माणसं आयुष्यभर साठवलेल्या पैशातून जातात. पण त्याच देशात आपली माणसं लढली, पडली, आणि तिथं आपली बस थांबत नाही.

गेल्या वर्षी आम्ही चौघा मित्रांनी रोममध्ये गाडी भाड्यानं घेतली. कॅथलिक तीर्थस्थळं आणि दुसऱ्या महायुद्धाच्या जागा असा दौरा ठरवला होता. दोन वेगळे विषय आहेत असं वाटलं होतं. तिथं ते वेगळे निघतच नाहीत.

रोमहून नेपल्सच्या वाटेवर मोंते कासिनो लागतं. डोंगरावर संत बेनेडिक्ट यांचा मठ, तिथंच त्यांची समाधी. १५ फेब्रुवारी १९४४ ला दोस्तराष्ट्रांच्या विमानांनी हा मठ जमीनदोस्त केला. आत जर्मन सैन्य नव्हतं, आसऱ्याला आलेले गावकरी होते. ढिगारा झाल्यावर मात्र जर्मन त्यात घुसले आणि लढाई आणखी तीन महिने चालली. मठावर बॉम्ब टाका ही मागणी कुणाची? चौथ्या भारतीय डिव्हिजनचे इंग्रज सेनापती टकर यांची. कारण त्या डोंगरावर चढायचं होतं त्यांच्या जवानांना. आता सांगा, यात खलनायक कोण? मठ पुन्हा जसाच्या तसा बांधला, १९६४ मध्ये पोपनी येऊन त्याचा अभिषेक केला. पण तो कुणी पाडला हे कुणी लपवलेलं नाही.

असिसीचंही तसंच. संत फ्रान्सिसचं गाव, जगभरातून भाविक येतात. तिथल्या छोट्याशा संग्रहालयात १९४३-४४ ची गोष्ट आहे. बिशप निकोलिनी आणि त्यांच्या पाद्रींनी जवळपास ३०० ज्यूंना मठांमध्ये लपवलं. लुईजी ब्रीझी नावाच्या छापखानावाल्यानं आणि त्याच्या मुलानं त्यांना खोटी ओळखपत्रं छापून दिली. छपाईच्या शाईत दिवस काढणाऱ्या माझ्यासारख्याला यातला धोका वेगळा सांगावा लागत नाही.

तिथून तासाभरावर मोंतोने. या भागातल्या लढाईत १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे पडले. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, वय २२. मशीनगनच्या माऱ्यात तुकडीतले बाकी सगळे मेले किंवा जायबंदी झाले, हे एकटे त्या ठाण्यावर धावून गेले. गोळ्या संपल्यावर बंदूक उलटी धरून लढले. ठाणं घेतलं आणि तिथंच गोळ्या लागून गेले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो मरणोत्तर. कबर सापडलेली नाही, नाव कासिनोच्या स्मारकावर कोरलंय. मोंतोनेच्या लोकांनी २०२३ मध्ये त्यांच्या नावानं सूर्यघड्याळ उभारलं. सगळे एकाच सूर्याखाली, असा त्यावरच्या वचनाचा अर्थ.

आणखी उत्तरेला सेनिओ नदी. ९ एप्रिल १९४५ ला नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव यांनी या नदीतून दोन जखमी साथीदारांना एकेक करून पलीकडे आणलं आणि मग शत्रूची ठाणी उडवली. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस.

आता आपल्याकडं बघू. माणगावात घाडग्यांचा पुतळा आहे, अभिवादन होतं, चांगलंच आहे. आपशिंगे मिलिटरीसारखं गाव आपला इतिहास अभिमानानं जपतं. पण बाकीचं काय? ज्यांना पदक मिळालं नाही त्यांचं काय? कितीतरी गावांत चावडीच्या भिंतीत पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी आहे. या गावातून अमुक माणसं गेली, एवढंच तिच्यावर लिहिलेलं. बऱ्याच ठिकाणी तिच्यावर रंगाचे थर चढलेत, नाहीतर निवडणुकीचं पोस्टर.

लगेच कुणीतरी म्हणेल, ते इंग्रजांसाठी लढले, पोटासाठी गेले. खरं आहे. मग तेही लिहा ना. घरी किती एकर होती, दुष्काळ होता का, मनिऑर्डर किती यायची, परत आल्यावर काय मिळालं, सगळं लिहा. साम्राज्याला सलाम न करताही माणसाची आठवण ठेवता येते. आपली अडचण अशी, की आपल्याला एकतर पुतळा हवा नाहीतर विस्मरण. मधला कागदपत्रांचा रस्ता नको. इटलीत मला हा मधला रस्ता दिसला. पाडलेला मठ, वाचवलेला शेजारी, परक्या देशातून आलेला पोरगा, तिघांचीही नोंद आहे, आणि सोयीची नसलेली बाजूही आहे.

यासाठी कोट्यवधींचं स्मारक लागत नाही. तालुक्याच्या वाचनालयात एक कपाट पुरे. कॉमनवेल्थ युद्धस्मारक आयोगाच्या संकेतस्थळावर शहिदांची नावं फुकट शोधता येतात, पुष्कळ नोंदींत बापाचं आणि गावाचं नावही असतं. शाळेतली पोरं हे काम महिनाभरात करतील.

आणि तुमच्या घरात ट्रंकेत पणजोबांचं पदक, पेन्शनचा कागद, एखादं पत्र असेल, तर आजच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मागं नाव, गाव, पलटण लिहा. मोडीतलं पत्र असेल तर वाचणारा शोधू. ज्या म्हाताऱ्या माणसांना हे ठाऊक आहे ती रोज कमी होतायत. कमेंटमध्ये गावाचं नाव टाका, यादी आपणच सुरू करू.