अटळ भविष्याचे भांडवल

सुशिक्षितांच्या बैठकीत अलीकडे एक नवा दैववाद ऐकू येऊ लागला आहे. जुना दैववादी पत्रिका उघडून बसत असे. नवा आइनस्टाइनचे नाव घेतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : काळ वाहतो, हा मनाचा भ्रम आहे. भूत, वर्तमान आणि भविष्य ही तिन्ही सारखीच खरी आहेत. गाडीत बसलेल्याला पुढचे स्टेशन दिसत नाही म्हणून ते नाहीच असे कोणी म्हणत नाही, उद्याचेही तसेच. तो आधीच तयार आहे, आपली गाडी तेथे पोचायची आहे इतकेच. श्रोत्यांनी येथवर मान डोलावली की पुढचे वाक्य हळूच येते : जे व्हायचे ते ठरलेलेच आहे, तर तुमची शिबिरे, मोर्चे आणि सत्याग्रह कशासाठी?

हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गापुरता असता तर त्यासाठी या साप्ताहिकाची जागा अडवण्याचे कारण नव्हते. परंतु कार्यकर्त्याची शिदोरी एकच असते. उद्या हा आजच्याहून निराळा करता येतो, हा विश्वास. तीच शिदोरी विज्ञानाच्या नावाने काढून घेतली जात असेल, तर विज्ञान खरोखर काय म्हणते ते पाहणे आवश्यक आहे.

जुन्या दैववाद्याचा समाचार पूर्वीच घेतला गेला आहे. २००८ साली पुण्यात डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्योतिषांची रीतसर परीक्षा घेतली. पत्रिकेवरून मूल हुशार की मतिमंद एवढेच ओळखायचे होते. सत्तावीस ज्योतिषांपैकी सर्वांत यशस्वी ठरलेल्याची चाळीसांपैकी चोवीस उत्तरे बरोबर आली, आणि एकूण निकाल नाणे उडवून लागला असता त्याहून सरस नव्हता. ज्या शास्त्राला झालेले सांगता येत नाही त्याने होणारे सांगू नये, इतके म्हणून पुढे जाऊ.

नव्या दैववाद्याची बाजू मात्र तिच्या पुऱ्या बळानिशी मांडली पाहिजे. दूरच्या दोन घटना 'एकाच वेळी' घडल्या की नाही, याचे उत्तर पाहणाऱ्याच्या गतीवर अवलंबून असते, हे आइनस्टाइनने १९०५ साली दाखवले. १९०८ साली हर्मान मिन्कोव्स्कीने कोलोन येथील व्याख्यानात अवकाश आणि काळ एकत्र गुंफून चार मितींचे एकच विश्व मांडले. त्यावरून १९६६-६७ च्या सुमारास रीटडाइक आणि हिलरी पुटनम या तत्त्वज्ञांनी असा निष्कर्ष काढला की भविष्य हे आजच वास्तव आहे. रॉजर पेनरोज यांनी १९८९ साली दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे. रस्त्यावर दोन माणसे एकमेकांजवळून विरुद्ध दिशांना चालत जातात. देवयानी दीर्घिका आपल्यापासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे. केवळ पायी चालण्याच्या गतीने या दोघांच्या 'आत्ता'मध्ये तेथे आठवडाभराचा फरक पडतो. म्हणजे तेथील एखादी घटना एकाच्या हिशेबी घडून गेलेली आहे, तर दुसऱ्याच्या हिशेबी अजून घडायची आहे. एकासाठी जी घडून गेली ती दुसऱ्यासाठी अनिश्चित कशी राहील? सबब भविष्य ठरलेले आहे.

युक्तिवाद देखणा आहे, परंतु त्यात एक खाच आहे. त्या दोघांपैकी कोणालाही ती घटना दिसत नाही. तिचा प्रकाश येथे यायला २५ लाख वर्षे लागतील. तिच्यावर दोघांचाही काही परिणाम होऊ शकत नाही. 'तेथले आत्ता' ही केवळ गणिताने काढलेली तारीख आहे. हॉवर्ड स्टाइन यांनी पुटनम यांना १९६८ सालीच उत्तर देऊन सापेक्षतेची खरी रचना दाखवून दिली. माझ्यावर ज्यांचा परिणाम होऊ शकला अशा घटनांचा एक गट. माझा ज्यांच्यावर परिणाम होऊ शकेल अशांचा दुसरा. आणि ज्यांच्याशी माझा कार्यकारणसंबंधच येऊ शकत नाही अशांचा तिसरा. पहिल्या दोन गटांतील क्रमाबद्दल विश्वातील सर्व निरीक्षकांचे एकमत असते. कोणी कितीही वेगाने धावो, त्यात बदल होत नाही. क्रम उलटसुलट होतो तो फक्त तिसऱ्या गटात. माझ्या गावात उद्या भरणारी पाणीवाटपाची सभा दुसऱ्या गटात येते. ती आजच घडून गेली असे कोणत्याही निरीक्षकाचे घड्याळ सांगणार नाही.

राहिले ते चार मितींचे चित्र. नकाशात नदीचा उगम आणि मुख एकाच कागदावर असतात, म्हणून नदीला पाणी वाहत नाही असे आपण म्हणत नाही.

विश्वाची आजची संपूर्ण स्थिती ज्या बुद्धीला कळेल तिला उद्याही कळेल, असे लाप्लासने १८१४ साली लिहिले होते. त्या आत्मविश्वासाला विसाव्या शतकातील विज्ञानाने तडा दिला. रेडियमचे अर्धे अणू सुमारे १६०० वर्षांत फुटतात, हे निश्चित सांगता येते. समोरचा हा एक अणू केव्हा फुटेल, हे पुंजभौतिकी सांगत नाही.

खरा मुद्दा तथापि पदार्थविज्ञानाच्या पलीकडचा आहे. वादापुरते मान्य करू की भविष्य आधीच अस्तित्वात आहे. त्यातून काय निष्पन्न होते? या विधानाचे दोनच अर्थ संभवतात. एक असा, की उद्या जे आहे ते आपल्या आजच्या कृतींसह आहे; लोकांनी मोर्चा काढला आणि म्हणून पाणी आले, असेच त्या विश्वात कोरलेले आहे. हा अर्थ घेतला तर विधान निरुपद्रवी आहे आणि पोकळही आहे, कारण मोर्चा काढावा की नाही हा प्रश्न जेथल्या तेथेच राहतो. दुसरा अर्थ असा, की आपण काहीही केले वा न केले तरी उद्या तोच राहणार. हा अर्थ घेतला तर विधान सपशेल खोटे आहे. कारण काढून घेतले तरी कार्य शिल्लक राहते, असे सापेक्षतेचे एकही समीकरण सांगत नाही. आमचे नवे दैववादी बैठकीत पहिला अर्थ सिद्ध करतात आणि निरोप देताना श्रोत्यांच्या हातात दुसरा ठेवतात.

ही हातचलाखी जुनीच आहे. बरे व्हायचे असेल तर वैद्य बोलावला नाही तरी रोगी बरा होईल, या युक्तिवादाला ग्रीकांनी 'आळशी युक्तिवाद' असे नाव दिले होते. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात क्रिसिपसने त्याला उत्तर दिले : रोग्याचे बरे होणे ठरलेले असेल तर वैद्याला बोलावणेही त्याबरोबरच ठरलेले आहे. आपल्याकडे याच आळसाला 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' असे म्हणतात. आजीवकांचा आचार्य मक्खली गोसाल सांगे की फेकलेला सुताचा गुंडा जसा उलगडत जातो, तसे शहाणे आणि मूर्ख दोघेही ठरल्या वेळी दुःखातून सुटतील. प्रयत्नाने काही साधत नाही. बुद्धाने हे मत सर्व मतांत हीन ठरवले.

भविष्य अस्तित्वात आहे असे मानणारा एक संप्रदाय खुद्द बौद्धांमध्येही होता. सर्वास्तिवाद्यांच्या नावातच 'सर्व आहे' हा सिद्धान्त आहे. त्यांची कारणेही विचारपूर्वक दिलेली होती : ज्याचे ज्ञान होते ते काही तरी असले पाहिजे, गतकाळातील कर्म नाहीसेच झाले असेल तर त्याचे फळ कोठून येईल? वसुबंधूने 'अभिधर्मकोशा'च्या भाष्यात या मताचा प्रतिवाद केला. भूत 'होते' आणि भविष्य 'होईल', एवढे म्हणणे पुरेसे आहे. जे सदैव आहे, त्याचे कार्य आजच का व्हावे, काल का होऊ नये? या वादात कोण सरस ठरला हे पंडितांनी ठरवावे. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की सर्वास्तिवादी भिक्षूंनी त्या सिद्धान्तापायी साधना सोडली नाही. भविष्य मानणे वेगळे आणि हातपाय गाळणे वेगळे, हे त्यांना उमगले होते.

आइनस्टाइनलाही ते उमगले होते. मिशेल बेसो हा त्याचा जन्माचा स्नेही. तो वारला तेव्हा २१ मार्च १९५५ रोजी बेसोच्या कुटुंबीयांना लिहिलेल्या पत्रात आइनस्टाइनने भूत, वर्तमान व भविष्य हा भेद म्हणजे एक चिवट भ्रम आहे, अशा आशयाचे सांत्वन केले. नव्या दैववाद्यांचा हा आवडता आधार. परंतु त्यानंतर तीनच आठवड्यांनी, ११ एप्रिल १९५५ रोजी, त्याच माणसाने बर्ट्रंड रसेल यांच्या अण्वस्त्रविरोधी जाहीरनाम्यावर सही केली, आणि १८ एप्रिलला त्याचे निधन झाले. अणुयुद्ध होणार की टळणार हे आधीच ठरून गेले आहे असे त्याला वाटत असते, तर त्या सहीचे प्रयोजन काय होते? १९४९ साली 'मंथली रिव्ह्यू'च्या पहिल्या अंकात समाजवादाची बाजू मांडणारा लेख लिहिणारा आइनस्टाइनही हाच. त्याचे सांत्वनाचे पत्र पाठ असणाऱ्यांनी त्याची शेवटची सहीही लक्षात ठेवावी.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मला या वादात आणखी एक गोष्ट दिसते. आजच्या व्यवहारात भविष्य ज्या रूपाने वावरते ते नेहमी कोणाचे तरी वचन, अंदाज वा धाक असते. आपल्या व्यापाऱ्यांनी यासाठी नेमका शब्द वापरला आहे : वायदा. हंगामाचे सोयाबीन पेरणीतच विकले गेले म्हणजे हंगाम हजर झाला असे नव्हे. पाऊस फिरला की भाव फिरतो. उलट अॅरो आणि डेब्रू यांच्या १९५४ सालच्या आदर्श बाजाराच्या सिद्धान्तातून पुढे जी मांडणी पूर्ण झाली, तीत प्रत्येक वस्तूला, प्रत्येक तारखेला आणि प्रत्येक संभाव्य परिस्थितीला आजच किंमत असते. सर्व सौदे आरंभीच उरकतात, आणि काळाकडे काम उरते ते टपाल पोचवण्याचे. जोन रॉबिन्सन यांनी या कालहीन अर्थशास्त्राशी आयुष्यभर भांडण केले. केन्सने १९३७ साली बजावले होते की युरोपातील युद्धाचा संभव किंवा वीस वर्षांनंतरचा व्याजदर यांची शक्यता मोजायला कसलाही शास्त्रीय आधार नाही. युद्ध दोन वर्षांत आले. आणि २००८ साली, घरकर्जांवर आधारलेल्या ज्या रोख्यांची जोखीम मोजून झाली असे सांगितले जात होते, त्या रोख्यांनीच जगातील बँका बुडवल्या.

शंभर वर्षांनंतर हवामानबदलाने शंभर रुपयांचे नुकसान होणार असेल तर त्याची आजची किंमत किती? ५ टक्के दराने वजावट केली तर ७६ पैसे. २००६ सालच्या स्टर्न अहवालातील सुमारे १.४ टक्के दर घेतला तर जवळजवळ २५ रुपये. तेच भविष्य, तेच नुकसान, पण मोलात तीसपटींहून अधिक तफावत! हा फरक उद्याच्या पोटातून आलेला नाही. नातवंडांची किंमत किती धरायची याविषयी आज घेतलेल्या निर्णयातून तो आला आहे. केवळ उशिरा येणार म्हणून पुढच्यांचे सुख कमी मोजणे नीतीला धरून नाही, असे फ्रँक रॅम्सेने १९२८ सालीच म्हटले होते. भविष्याचा आकडा समोर आला की तो ठरवणारा शोधावा.

सत्तेला तो शोध नको असतो, म्हणून तिला 'अटळ' हा शब्द प्रिय आहे. मार्गरेट थॅचर 'पर्याय नाही' असे सांगत. १९८९ साली फ्रान्सिस फुकुयामा यांनी इतिहासाचा शेवट जवळ आणला. २४ जुलै १९९१ रोजी अर्थसंकल्प मांडताना डॉ. मनमोहन सिंग यांनी ह्यूगोचा आधार घेऊन सांगितले की जिची वेळ आली आहे ती कल्पना कोणालाही रोखता येत नाही. ते धोरण योग्य की अयोग्य हा स्वतंत्र वाद आहे; परंतु वेळ आली हे घड्याळ सांगत नाही, माणसे ठरवतात. आज सरकारी फलकांवर २०४७ चा विकसित भारत झळकतो. त्याचा खर्च कोणी सोसायचा आणि लाभ कोणाला, हे मात्र त्या फलकावर लिहिलेले नसते.

हा रोग आपल्या घरातही आहे, हे सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. भांडवलशाहीचा अंत अटळ आहे, असे एकदा मानले की तिची वाट पाहणे हाच कार्यक्रम होतो. आपला पक्ष क्रांतिकारक आहे, पण क्रांती घडवून आणणारा नाही, अशा अर्थाचे कौट्स्की लिहून गेले. इतिहास आपल्याच बाजूने आहे अशी खात्री बाळगणाऱ्या जर्मन डाव्यांनी १९३३ साली हिटलरच्या राज्यात तुरुंगाची वाट धरली. रोझा लुक्झेंबुर्गने मात्र १९१५ साली तुरुंगात लिहिलेल्या पुस्तिकेत समाजवाद की रानटीपणा, असा प्रश्न टाकला होता. जिच्यापुढे प्रश्न आहे तिच्यापुढे भविष्य उघडे आहे. डॉ. लोहिया यांनीही 'इतिहास-चक्रा'त सरळ रेषेने चढत जाणाऱ्या प्रगतीचा भरवसा नाकारला तो याच जाणिवेने.

आणीबाणी कायमची आहे, असे १९७६ च्या अखेरीस कित्येक जाणते लोक मानत होते. २१ मार्च १९७७ रोजी ती उठली. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो माणसे खडी फोडत होती. कामाचा हक्क कायद्याने मिळेल, असे तेव्हा कोणाच्या पत्रिकेत नव्हते आणि कोणत्याही अर्थशास्त्रीय प्रतिमानात नव्हते. वि. स. पागे यांनी कल्पना मांडली, मोर्च्यांनी ती धगधगती ठेवली, १९७५ साली शहरातील पगारदारांवर व्यवसायकर बसला, १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. हा कायदा १९७२ सालीही भविष्यात 'होताच', असे ज्यांना म्हणायचे असेल त्यांनी खुशाल म्हणावे. तो तेथे असलाच तर पागे, मोर्चे आणि कर यांच्यासह होता, त्यांच्यावाचून नव्हता.

म्हणून मित्रांनो, पुढच्या बैठकीत कोणी चार मितींचे विश्व उलगडू लागला तर त्याचे ज्ञान आदराने ऐकून घ्या. त्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. आणि 'म्हणून काही करून उपयोग नाही' या वाक्यावर तो आला की त्याला तेथेच थांबवा. हे 'म्हणून' कोठून आले, एवढे विचारा. आइनस्टाइनकडून ते आलेले नाही.