अंगणवाडीच्या भिंतीवरचा पांडा आपला कोण लागतो?

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे. पण ज्यांची पोरं अंगणवाडीत जातात त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आपल्या डहाणू-तलासरीतल्या नव्याने रंगवलेल्या अंगणवाड्या एकदा नीट बघा. भिंतीवर कोण दिसतं? पांडा, टेडी बेअर, जपानचं निळं मांजर, छोटा भीम. दाराजवळ दोन त्रिकोणी माणसं तारपा घेऊन, म्हणजे 'वारली पेंटिंग' पण झालं. टेडी बेअर हे नाव १९०२ साली अमेरिकेच्या रूझवेल्ट नावाच्या अध्यक्षाने एका अस्वलावर गोळी झाडायला नकार दिला त्या किश्श्यावरून पडलं. त्याचा आणि उधव्याच्या पोरांचा संबंध काय, हे मला कुणी समजावून सांगावं.

ही गोष्ट आपल्याच तालुक्यात जास्त टोचते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. अंगणवाडी ही कल्पना इथल्या पाड्यांवर वाढली. शहरातली महागडी खेळणी परवडणार नाहीत म्हणून त्यांनी शंख-शिंपले, खडे, बिया, पानं हेच साहित्य केलं. पोराला ओळखीच्या वस्तूतून शिकवायचं, एवढा साधा विचार. आणि आज त्याच मुलखात पोराला पहिलं जनावर दाखवतो ते पांडा! भेकर नाही, खार नाही, मुंगूस नाही.

आता हा पांडा येतो कुठून ते सांगतो, कारण माझा धंदाच तो आहे. मी फ्लेक्स आणि भिंतीचं डिझाइन करतो. ठेकेदार व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकतो, 'असं पाहिजे, संध्याकाळपर्यंत दे.' डिझाइनवाला नेटवरून तयार वेक्टर फाइल उतरवतो, नाव बदलतो, मोकळा होतो. वेक्टर म्हणजे ठिपक्यांचं नाही, रेषांचं चित्र. बिंदू कुठे आहेत आणि त्यांच्यामधली रेष कशी वळते एवढंच फाइलमध्ये असतं. म्हणून ते व्हिजिटिंग कार्डावर छापा नाहीतर दहा फुटी भिंतीवर घ्या, फाटत नाही. त्यामुळे कुठेतरी कुणीतरी काढलेला एक पांडा हजार गावांत जातो. आपल्या पाड्यावरच्या पोराच्या वाट्याला काय येतं? त्यात रंग भरायची मजुरी.

आणि हे काम अवघड आहे म्हणून बाहेरून आणतो म्हणावं, तर तेही नाही. केसाळ जनावराचं कार्टून काढायचं तर नवशिक्या एक एक केस काढत बसतो आणि चित्र झाडूसारखं दिसतं. खरी युक्ती वेगळी आहे. आधी गोल, अंडाकृती, त्रिकोण जोडून अंग उभं करायचं. मग केस दाखवायचे ते फक्त मोक्याच्या जागी: गालाला, कोपराला, छातीला, शेपटीच्या टोकाला. तिथे कडेची रेष दातेरी करायची, दाते लहान-मोठे, आणि सगळे केस वाढतात त्या दिशेला झुकलेले. पोटाला फिकट रंग, पाठीला गडद, मधे एक. बास, डोळ्याला अंग मऊ वाटतं. इंकस्केपमध्ये तर केसांचा एक झुबका काढून तो रेषेवर पसरवता येतो, शेपूट वळवली की झुबके तिच्याबरोबर वळतात. इंकस्केप फुकट आहे. २००३ पासून जगभरची माणसं मिळून ते बनवतायत. चोरीच्या कोरलवर काम करायची गरज नाही.

आता सांगा, गोल-त्रिकोण जोडून जनावर उभं करणं, एकाच रंगात भरणं, छोट्या छोट्या रेघांनी पानं आणि कणसं दाखवणं, हे कोणाला शिकवायला लागतं? आमच्या बायका तांदळाचं पीठ कालवून बांबूच्या काडीने हेच करत आल्या. माझं स्पष्ट मत आहे, वारली घरातलं पोर वेक्टर शहरातल्या पोरापेक्षा लवकर शिकेल. फक्त त्याच्यासमोर कुणी कॉम्प्युटर ठेवलेला नाही.

काही जण म्हणतील, कॉम्प्युटर आला की कला संपली. अहो, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी इकडे कागद घेऊन आले, तेव्हा ही कला भिंतीवरून कागदावर गेलीच ना? गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी त्याच कागदावर जग जिंकलं, २०११ मध्ये पद्मश्री मिळवली. कागदाने कला मारली नाही. कला मरते ती कॉपी-पेस्टने. तयार 'वारली वेक्टर पॅक' नेटवर विकायला असतात. त्यातला तारपा वाजवणारा बघा, त्याच्यामागे नाचणारे सगळे एकाच साच्यातून काढलेले, एकाचाही पाय दुसऱ्यापेक्षा वेगळा नाही. खऱ्या चित्रात कुणाचा पाय चुकलेला असतो, कुणाच्या पाठीवर पोर असतं.

२०१४ मध्ये वारली चित्रकलेला जीआय मिळाला, आदिवासी युवा सेवा संघाने त्यासाठी खटपट केली. चांगलं झालं. पण जीआय नावाला आणि मुलखाला संरक्षण देतो. त्रिकोणी माणूस काढण्यापासून तो कुणाला अडवत नाही. म्हणजे नुसतं सर्टिफिकेट भिंतीवर लावून काम आपल्याकडे येणार नाही.

एक गोष्ट मात्र मी स्वतः पाळतो आणि पोरांनाही सांगेन. वाघ काढा, बिबट्या काढा, हसरा, केसाळ, कसाही काढा. पण वाघदेव कार्टून करू नका. चंद्र-सूर्य कोरलेला तो खांब देव आहे, वाघबारशीला त्याची पूजा होते. लग्नाचा चौकही तसाच. पालघट देवी टी-शर्टवर छापायची गोष्ट नाही. ग्राहक कितीही मागे लागला तरी नाही म्हणा.

आता मागणी. आपले दोन्ही तालुके पूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहेत. पेसाचा पाच टक्के अबंध निधी ग्रामपंचायतीला येतो आणि तो शिक्षणावरही खर्च करता येतो. मग अंगणवाडीची भिंत ठेकेदार ठरवणार की ग्रामसभा? माझं म्हणणं, गावातली दोन पोरं-पोरी निवडा, त्यांच्याकडून गावच्या जनावरांची चित्रं काढून घ्या आणि पैसे त्यांच्या खात्यात टाका. जुनी भिंत लगेच पुसायची गरज नाही, पुढच्या वेळी रंग निघाला की करा. छोटा भीम पोरांना आवडतो, घरी टीव्हीवर बघू देत की.

आणि पोरांनो, काम घ्याल तेव्हा दोन गोष्टी. एक, चित्राचे हक्क कोणाकडे राहणार हे आधी कागदावर लिहून घ्या. एका भिंतीचे पैसे आणि शंभर भिंतींचे पैसे सारखे नसतात. दोन, ठेकेदाराला ठिपक्यांचं चित्र द्या, मूळ फाइल देऊ नका. 'भाऊ, जरा उघडी फाइल पाठव ना, छोटा बदल आहे,' असं म्हणणारा तुमचा बिबट्या पुढच्या महिन्यात दुसऱ्या तालुक्यात विकतो. बदल असेल तर तुम्हीच करून द्या, तासाभराचं काम आहे, त्याचेही पैसे लावा.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा विषय कोणकोणत्या गावात मांडणार, ते कमेंटमध्ये सांगा. ठरावाचा मसुदा मी लिहून देतो.