सायकल घरात आणि रस्ता वाऱ्यावर

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात भरलेल्या 'पुणे ग्रँड टूर' या आंतरराष्ट्रीय शर्यतीने महाराष्ट्राचे लक्ष बऱ्याच वर्षांनी सायकलीकडे वेधले. पाच दिवस आणि ४३७ किलोमीटर अशा या शर्यतीसाठी देशोदेशींचे स्पर्धक आले. शर्यतीच्या मार्गावरील रस्ते त्याआधी दुरुस्त करून गुळगुळीत करण्यात आले. सायकलस्वाराला सुरक्षितपणे जाता येईल असा रस्ता आपल्याकडे तयार होऊ शकतो, एवढे तरी त्यामुळे सिद्ध झाले. मुंबई-पुणे शर्यत आणि तिच्यातील 'घाटाचा राजा' हा किताब ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांना या सोहळ्याचा आनंद झाला असेल आणि तो यथायोग्यच होय. परंतु प्रश्न असा आहे की, पाच दिवसांच्या पाहुण्यांसाठी जे शक्य होते, ते वर्षभर रोज सायकल चालविणाऱ्यांसाठी का शक्य होऊ नये? वाशिमसारख्या जिल्ह्यातून पाहिले म्हणजे हा प्रश्न अधिकच टोचू लागतो.

या शर्यतीसाठी जानेवारी महिना निवडला गेला, यातही एक अर्थ आहे. युरोपात हा महिना सायकलस्वाराच्या सक्तीच्या विश्रांतीचा असतो. डिसेंबरअखेर लंडनमध्ये दिवसाचा उजेड आठ तासही टिकत नाही; त्यातच बर्फ आणि निसरडे रस्ते. जुलैमधील 'टूर द फ्रान्स'सारख्या शर्यतींची पूर्वतयारी मात्र हिवाळ्यातच करावी लागते. या अडचणीतून घरातल्या घरात सायकल चालविण्याची विद्या जन्मली. प्रथम केवळ लोखंडी रोलर होते. पुढे मागील चाकाला अडकवण्याचे ट्रेनर आले. आता तर यंत्र संगणकाला जोडले जाते आणि पडद्यावर चढ दिसला की पायाखालचे पेडल आपोआप जड होते. जागतिक सायकल संघटनेने डिसेंबर २०२० मध्ये या पडद्यावरील शर्यतीची अधिकृत विश्वविजेतेपद स्पर्धाही भरविली. गरजेतून निघालेली ही युक्ती आहे आणि तिच्या जन्मस्थानी ती सर्वथा शहाणपणाची आहे.

आपला हिवाळा मात्र निराळा. वाशिमच्या पठारावर पौष महिन्यात पहाटे अंगावर काटा येतो हे खरे. पण ऐन लहान दिवसातही येथे जवळजवळ अकरा तास उजेड असतो. रस्ता कोरडा असतो, आणि दुपारच्या उन्हाचाही त्रास होत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल रस्त्यावर येतो आणि खड्डे पाण्याखाली दडतात. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो व सकाळी नऊनंतर बाहेर पडणे जिवावर येते. म्हणजे सायकलस्वाराने घरात बसायचेच असेल तर आपल्या पंचांगाप्रमाणे ते वैशाखात बसावे. कार्तिक ते माघ हा येथील खुल्या रस्त्याचा हंगाम आहे. वाशिमहून रिसोडकडे, मालेगावहून शिरपूरकडे किंवा मंगरूळपीरहून मानोऱ्याकडे जाणारे रस्ते या दिवसांत तूर, गहू आणि हरभऱ्याच्या शेतांमधून जातात. लांब पल्ल्याच्या सरावाला यापेक्षा चांगली भूमी कोणती? विदर्भाच्या अंगी ही कुवत नाही असेही नाही. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका आडवी ओलांडणारी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही शर्यत एकट्याने पूर्ण केली आणि २०१८ मध्ये मॉस्को ते व्लादिवोस्तोक हे नऊ हजारांहून अधिक किलोमीटरचे अंतर सायकलीने कापले.

असे असताना जिल्ह्याच्या ठिकाणी आणि तालुक्याच्या गावांतही हिवाळी व्यायामाचा जो प्रकार रूढ होत आहे, तो बंद खोलीतील स्थिर सायकलीचा आहे. थंडी सुरू झाली की व्यायामशाळांचे सभासद वाढतात. ज्यांना परवडते ते घरीच यंत्र आणतात. यातील विनोद असा की, मोटारसायकलला किक मारून दोन किलोमीटरवरील व्यायामशाळेत जायचे, तेथे पैसे भरून चाळीस मिनिटे जागच्या जागी सायकल चालवायची आणि पुन्हा मोटारसायकलनेच घरी यायचे, हा दिनक्रम कोणालाच विचित्र वाटत नाही. पेट्रोल शंभरीपार गेल्यालाही आता काही वर्षे लोटली आहेत!

स्थिर सायकलीची निंदा करणे हा येथे हेतू नाही. हृदयविकारातून उठलेला रुग्ण, गुडघे दुखणारे वृद्ध, ठरावीक जोर लावून मोजका सराव करू इच्छिणारा खेळाडू, यांना तिचा उपयोग निर्विवाद आहे. लहान गावात रस्त्यावर सायकल चालविणाऱ्या गृहिणीकडे चार डोळे वळतात. तिला खोलीतील सायकल हा मोठाच आधार असतो. परंतु धडधाकट माणसाला विचारले की तुम्ही रस्त्यावर का जात नाही, तर तो थंडीचे नाव घेत नाही. तो म्हणतो, "रस्त्यावर जीव कोण धोक्यात घालणार?" हे उत्तर चुकीचे नाही. २०२२ साली या देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. घरातील सायकल ही आपल्याकडे हवामानावरची तोड नसून नादुरुस्त सार्वजनिक व्यवस्थेवरची खाजगी तोड आहे, आणि तिचा विचार अर्थशास्त्राच्या अंगाने करावयास हवा तो यासाठीच.

आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एक मार्मिक सिद्धांत मांडला आहे. एखादी संस्था वा सेवा ढासळू लागली की ग्राहकापुढे दोन मार्ग असतात: तिला सोडून जाणे किंवा तिच्याविरुद्ध आवाज उठविणे. नायजेरियातील रेल्वेचे उदाहरण त्याच्यासमोर होते. मालमोटारींची सोय होताच ज्यांची तक्रार ऐकली गेली असती असे व्यापारी रेल्वे सोडून गेले. मागे राहिलेल्यांच्या आवाजाला वजन नव्हते, म्हणून रेल्वे सुधारली नाही. आपल्याकडे शाळा, दवाखाने आणि पिण्याचे पाणी यांबाबत हेच घडलेले आपण पाहिले. आता रस्त्यांची पाळी आहे. डॉक्टर, वकील, प्राध्यापक, अधिकारी हे रोज सकाळी रस्त्यावर सायकल चालवीत असते, तर उखडलेल्या साइडपट्टीची तक्रार आठवड्याच्या आत योग्य टेबलावर पोहोचली असती. ते खोलीत गेले आणि रस्त्याने आपले वकील गमावले.

मग रस्त्यावर उरले कोण? दूधवाला, शेतमजूर, आणि मुख्यतः शाळकरी मुलगी. शासनाच्या मानव विकास कार्यक्रमात २२ जिल्ह्यांतील १२५ तालुक्यांचा समावेश आहे आणि वाशिम जिल्हा त्यांत आहे. या कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अर्थसाहाय्य मिळते. २०२२ मध्ये ही रक्कम ५ हजार रुपये करण्यात आली. ज्या यंत्रावर घरातल्या घरात चढ-उतारांचा भास होतो, त्या चांगल्या ट्रेनरची किंमत चाळीस-पन्नास हजारांच्या घरात असते. म्हणजे एका ट्रेनरच्या किमतीत आठ-दहा मुलींच्या सायकली होतात. ही तुलना कोणाला लाज वाटावी म्हणून केलेली नाही. एकाच वस्तूची दोन समाजघटकांतील किंमत किती भिन्न आहे, हे दिसावे म्हणून केली आहे.

मुलीच्या सायकलीचे मोल काय, याचा पुरावा उपलब्ध आहे. बिहारने २००६ साली नववीच्या मुलींना सायकली देण्याची योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास करून २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. माध्यमिक शाळेतील त्या वयाच्या मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुलगे व मुली यांच्यातील दरी ४० टक्क्यांनी कमी झाली. ज्या गावांपासून शाळा तीन किलोमीटर वा त्याहून दूर होती, तेथे हा परिणाम अधिक दिसला. त्याही आधी, १९९१ नंतरच्या काळात तमिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेबरोबर हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. सायकल हे साधन साधे असले तरी तिने आणलेले स्वातंत्र्य साधे नव्हते.

परंतु सायकल आणि रस्ता या पूरक वस्तू आहेत. वात नसलेली समई आणि रस्ता नसलेली सायकल सारखीच. शासनाने सायकल ही खाजगी वस्तू दिली. तिच्यासोबत लागणारी सार्वजनिक वस्तू, म्हणजे मोटारींपासून अलग अशी चालण्याजोगी कडेची पट्टी, द्यावयाची राहून गेली. या हिवाळी हंगामात काय घडते ते पाहा. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. पण शिकवणी वर्ग सहालाच सुरू होतात. मुलगी अंधारात निघते. साइडपट्टीवर कोठे बाभळीचे काटे, कोठे खडीचा ढीग, तर कोठे मळणी करून वाळत घातलेला शेतमाल. कापूस भरलेली ट्रॉली मागे लाल दिवा नसताना पुढे चाललेली असते. अकोला, वाशिम, हिंगोली व नांदेड जोडणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ रुंद झाला, त्याबरोबर वाहनांचा वेगही वाढला. समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरूळपीर व मालेगाव या तालुक्यांतून जातो आणि ५ जून २०२५ पासून नागपूर ते मुंबई असा पूर्ण खुला आहे. त्यावर सायकलला मज्जाव आहे आणि तो योग्यच आहे. तथापि वेगवान वाहनांसाठी एवढा स्वतंत्र मार्ग दिल्यावर मंद वाहनांसाठी जुन्या रस्त्याच्या कडेला दीड मीटर जागा मागणे, ही चैन म्हणता येईल काय?

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, मुलींना एसटीचा प्रवास मोफत आहे, मग सायकलीचा आग्रह कशाला? एसटीचे महत्त्व कोण नाकारील? परंतु गाडी गावाच्या फाट्यावर येते, गावात येतेच असे नाही. आणि तिची वेळ शाळेच्या वेळेशी जुळली तरी प्रयोगाच्या तासाशी वा ग्रंथालयाशी जुळत नाही. दुसरा आक्षेप, सायकलीचा जमाना गेला. आकडे तसे सांगत नाहीत. २०११ च्या जनगणनेत देशातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हे प्रमाण ५०.४ टक्के आढळले. जमाना गेला तो सायकलीचा नव्हे, सायकलस्वाराच्या प्रतिष्ठेचा.

शासनाचे धोरणही या बाबतीत मोठे गमतीचे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आणि त्याच दिवशी व्यायामशाळांच्या सेवेवरील कर १८ वरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला. रस्त्यावरची सायकल आणि व्यायामशाळेतील सायकल, दोन्ही ५ टक्क्यांच्या एकाच दरात आल्या. रस्ता मात्र करसवलतीने सुधारत नसतो. त्यासाठी खर्च आणि देखरेख लागते.

हा खर्चही आवाक्याबाहेरचा नाही. जिल्हा नियोजन समितीने प्रत्येक माध्यमिक शाळा व कनिष्ठ महाविद्यालयापासून पाच किलोमीटरच्या परिघातील रस्त्यांची यादी करावी आणि तेवढ्याच लांबीवर पक्की साइडपट्टी बांधण्याचा तीन वर्षांचा कार्यक्रम आखावा. दरवर्षी दिवाळीपूर्वी काटेरी झुडपे व खडी हटवावी. शेतमाल वाळविण्यासाठी गावोगाव ओटे द्यावेत. त्याशिवाय शेतकऱ्याला दोष देणे अन्यायाचे ठरेल. बाजार समितीच्या फाटकातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीच्या पाठीमागे रिफ्लेक्टर लावला जावा. हे काम पैशांपेक्षा इच्छाशक्तीचे आहे. शिकवणी वर्गांनी हिवाळ्याचे दोन महिने सूर्योदयानंतरची वेळ धरावी.

उरतो तो आपला, म्हणजे पगारदार मध्यमवर्गाचा वाटा. शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांनी आठवड्यातून दोन दिवस जरी शाळा-महाविद्यालयाच्या रस्त्याने सायकल चालविली, तरी त्या रस्त्याला पुन्हा साक्षीदार मिळतील. ज्याच्याकडे ट्रेनर आहे त्याने तो विकावा असे नाही. उन्हाळ्यात तो उपयोगी पडेल. पण माघातील कोवळे ऊन दारात उभे असताना भिंतीकडे तोंड करून पेडल मारणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की, त्याने कापलेल्या अंतराचा आकडा फक्त पडद्यावर उमटतो. त्याच वेळी बाहेर एक मुलगी खरे पाच किलोमीटर कापीत असते. तिचा रस्ता सुधारावयाचा तर तिच्या बाजूने बोलणारी माणसे त्या रस्त्यावर असली पाहिजेत.