शोरूममधला भाव उघड हवा

पनवेलला वाहनांचा बाजार नवा नाही. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि मुंबईहून खाडीने आलेला माल पनवेल बंदरात उतरून बैलगाड्यांनी घाटाकडे निघू लागला. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरमध्ये इथल्या गाडीच्या चाकांच्या धंद्याची नोंद सापडते. चाक घेणाऱ्याला लाकूड, लोखंडी धाव आणि मजुरी ही तिन्ही डोळ्यांसमोर दिसत असत. आज नवीन पनवेलहून माथेरान रस्त्याला लागले की येणाऱ्या सुकापुरात शेताच्या जागी इमारती उभ्या आहेत, २०१३ पासून हा पट्टा सिडकोच्या ‘नैना’ क्षेत्रात गणला जातो, आणि इथली कितीतरी कुटुंबे घराचा हप्ता चालू असतानाच पहिली मोटार घेतात. आठ-दहा लाखांचा हा व्यवहार त्यांच्यासाठी घरानंतरचा सर्वांत मोठा. तरीही भाव कशाकशाचा मिळून झाला, हे त्यांना चाक घेणाऱ्या शेतकऱ्याइतकेही दिसत नाही. गेल्या सहा-सात दशकांत मोटारीच्या किमतीतली लपवाछपवी कधी संपलीच नाही, तिने फक्त जागा बदलली, असे माझे मत आहे.

भाव झाकून ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनीच. म्हशाच्या यात्रेसारख्या गुरांच्या बाजारांत हेडी आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हात घालून बोटांच्या खुणांनी सौदा करत. बैल कितीला गेला हे शेजारी उभ्या असलेल्याला कळत नसे, आणि त्याच अज्ञानावर मधला माणूस जगत असे. शेतमालातही हीच हत्ता पद्धत होती. ती मोडायला कायदा लागला. महाराष्ट्राने १९६३ मध्ये कृषी उत्पन्न पणन कायदा केला आणि बाजार समित्यांच्या आवारात उघड लिलावाची पद्धत बसवली. शेतकऱ्याला त्यामुळे चांगला भाव मिळालाच असे नाही, ते दुखणे वेगळे. पण भाव मोठ्याने बोलला जाऊ लागला, हे लहान काम नव्हते. मोटारीच्या विक्रीत मात्र उपरणे अजून पसरलेलेच आहे.

आधी ते सरकारनेच पसरले होते. मोटारींचे वितरण आणि विक्री यांवर १९५९ मध्ये नियंत्रण आदेश आला आणि गाडी कोणाला, केव्हा मिळणार हे यादीवर ठरू लागले. निवड तरी किती? ॲम्बॅसडर, फियाट आणि स्टँडर्ड. १९६९ मध्ये किमतीही कायद्याने बांधल्या गेल्या. कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्ससह कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, न्यायमूर्ती सरजू प्रसाद यांच्या आयोगाने कारखान्यांचा खर्च तपासला आणि १९७१ च्या निकालात गुंतवलेल्या भांडवलावर १६ टक्के परतावा धरून किमती ठरवण्याचा मार्ग निघाला. त्या खटल्याकडे आज कोणी वळून पाहत नाही. मला तो महत्त्वाचा वाटतो. एक गाडी बनवायला किती खर्च येतो आणि त्यावर किती नफा रास्त, हा प्रश्न या देशात निदान एकदा तरी जाहीरपणे, आकडे समोर मांडून चर्चिला गेला.

तरी बांधलेली किंमत कागदावर राहिली. वर्षानुवर्षे थांबायची तयारी नसेल त्याने नंबर लागलेल्या माणसाला वर ‘ऑन’ मोजायचा, अशी मुंबई-पुण्यातली रीत होती. आकुर्डीच्या बजाज स्कूटरचेही तेच. नोंदणी केलेल्याच्या घरात मुले शाळेत जाऊ लागली तरी स्कूटर दारात आलेली नसे. या व्यवस्थेत घासाघीस हा शब्दच निरर्थक होता. ज्याला वस्तू मिळणे हेच उपकार वाटतात, तो भाव कसला करणार? त्या पिढीच्या मनात गाडीच्या दुकानदारापुढे नम्र व्हायची जी सवय बसली, ती पुढच्या पिढीत उतरली असे मला नेहमी वाटते. आजही शोरूमच्या काचेच्या दारातून आत जाताना मध्यमवर्गीय माणूस आवाज खाली आणतो.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली, किंमत ४७,५०० रुपये. दहा हजार रुपये आगाऊ भरून एक लाखाहून अधिक लोकांनी नोंदणी केली, म्हणजे सुरुवातीला रांग आणि ‘ऑन’ दोन्ही कायम राहिले. खरा बदल १९९३ मध्ये झाला. मोटार उद्योगावरची परवान्याची अट रद्द झाली, परदेशी कंपन्या आल्या, १९९८ च्या शेवटी पुण्यातून टाटांची इंडिका आली. रांग उलटी फिरली आणि विक्रेता गिऱ्हाइकामागे धावू लागला. सवलत, मोफत विमा, जुन्या गाडीवर बोनस, सोन्याचे नाणे. आता तरी भाव मोकळा झाला, असे वाटण्याजोगी स्थिती होती.

तो किती मोकळा झाला, हे कळायला २०१७ उजाडावे लागले. त्या वर्षी भारतीय स्पर्धा आयोगाकडे एक निनावी ईमेल आला. लिहिणारा स्वतःला मारुतीचा विक्रेता म्हणवत होता आणि तक्रार होती मुंबई वगळता उरलेल्या महाराष्ट्राची आणि गोव्याची. कंपनीने जाहीर केलेल्या सवलतीपेक्षा एक रुपयाही जास्त सोडायचा नाही, सोडला तर दंड, असे तिचे सार होते. चौकशीत जे निघाले ते वाचून कोणत्याही ग्राहकाने अस्वस्थ व्हावे. कंपनीने नेमलेल्या संस्थांची माणसे खोटे गिऱ्हाईक बनून शोरूममध्ये जात, जादा सूट मागत, बोलणे ध्वनिमुद्रित करत आणि ते पुढे कंपनीला कळवले जाई. सूट दिली असे आढळले की विक्रेत्याकडून खुलासा मागायचा, आणि तो पटला नाही तर दंड. विक्री करणाऱ्या पोराच्या नावावरही दंड बसत असे. २३ ऑगस्ट २०२१ रोजी आयोगाने मारुती सुझुकीला २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपनीने त्याविरुद्ध अपील केले. याआधी ह्युंदाईवर अशाच कारणाने ८७ कोटींचा दंड झाला होता, तो २०१८ मध्ये अपिलात रद्द झाला, हेही सांगितले पाहिजे. कायद्याचा कौल कुठेही झुको, एक गोष्ट त्या आदेशातून लख्ख दिसली. समोरचा विक्रेता ‘साहेब, माझ्या हातात एवढेच आहे’ म्हणतो, तेव्हा तो दर वेळी खोटे बोलत असतो असे नाही. हात दुसऱ्याच कोणीतरी बांधलेले असू शकतात.

मग झुंज कुठे होते? कोटेशनच्या कागदावर. समजा, एक्स-शोरूम आठ लाखांची पेट्रोल गाडी आहे. या आकड्यात जीएसटी आलेला असतो. त्यावर महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, म्हणजे सुमारे ८८ हजार रुपये एकरकमी कर. हा सरकारचा, यात कोणी काही सोडू शकत नाही. नोंदणी शुल्क ६०० रुपये, कार्डाचे २००, कर्ज असेल तर बोजा चढवण्याचे १,५००. इथवर सगळे पडताळता येते. पुढे विमा. सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीला तृतीय पक्षाचा तीन वर्षांचा विमा बंधनकारक आहे, पण तो कोणाकडून घ्यायचा हे ग्राहकाने ठरवायचे असते. शोरूमचा आकडा आणि बाहेरचा आकडा यांत पुष्कळदा बरीच तफावत पडते, कारण विम्याचे कमिशन हे विक्रेत्याचे उत्पन्न आहे. त्याखाली ‘हँडलिंग’ किंवा ‘लॉजिस्टिक’, त्याखाली ‘बेसिक किट’ नावाने चटया, सीटकव्हर आणि मडफ्लॅप, वाढीव वॉरंटी, रंगावरचा लेप. या ओळींपैकी एकही गाडीच्या नोंदणीसाठी लागत नाही. आणि कागदावर त्या कराच्या ओळीसारख्याच, त्याच अक्षरात छापलेल्या असतात. समोर तीस हजारांची सूट जाहीर होते आणि मागच्या दाराने ती चार ओळींत परत जाते. गिऱ्हाईक ‘ऑन-रोड किती?’ एवढेच विचारते आणि त्या एका आकड्यावर भांडते. ती लढाई सुरू होण्याआधीच हरलेली असते.

दहा लाखांवरच्या गाडीला एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा प्राप्तिकर, लागतो. ती रक्कम प्राप्तिकर विवरणपत्रात वजा मिळते, म्हणजे तो खर्च नव्हे. हे शोरूममध्ये फार थोडे जण सांगतात.

विक्रेत्याची बाजूही खरी आहे. गाडीवर त्याला साधारण तीन ते पाच टक्के सुटतात, त्यातून जागेचे भाडे, पगार, उभ्या मालावरचे व्याज. कंपनी विक्रीचे लक्ष्य देते आणि ते गाठले तरच बोनस मिळतो. टेबलापलीकडे बसलेला तरुण पुष्कळदा आपल्याच तालुक्यातला, थोड्या पगारावर आणि इन्सेंटिव्हवर जगणारा असतो. त्याला ओरडून हाती काही लागत नाही. त्याच्याकडून ओळीओळीचा हिशेब मागावा, तोही नीट बोलून.

लपवाछपवी किमतीपुरती थांबत नाही. गोव्यातल्या एका ग्राहकाला २०११ ची म्हणून विकलेली गाडी २००९ मध्ये बनलेली आणि आधीच सहाशेहून अधिक किलोमीटर धावलेली निघाली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२१ मध्ये निकाल लागला की कंपनी आणि विक्रेता हे स्वतंत्र पक्ष आहेत, विक्रेत्याच्या लबाडीची माहिती कंपनीला होती असे सिद्ध झाल्याशिवाय कंपनी जबाबदार नाही. म्हणजे भाव ठरवताना कंपनीची पकड विक्रेत्याच्या खिशापर्यंत पोहोचू शकते, आणि जबाबदारीच्या वेळी ग्राहकाने एकट्या विक्रेत्याला गाठायचे. ही विषमता मला मान्य नाही. डिसेंबरातली भरघोस सूट म्हणूनच गाडीच्या निर्मितीच्या महिन्याशी ताडून पाहावी लागते.

ग्राहकाने एकत्र यावे, ही कल्पना आपल्याच मातीतली. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची सुरुवात केली, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली आणि तिच्या संघांनी महिन्याचे वाणसामान एकत्र घेऊन मधला नफा वाचवला. तेल-डाळीला जे जमले ते मोटारीला आजवर मोठ्या प्रमाणावर जमलेले नाही. सुकापूरच्या एखाद्या सोसायटीतली चार कुटुंबे दसऱ्याला एकाच कंपनीची गाडी घेणार असतील, तर चौघांची कोटेशने एका टेबलावर मांडायला काय हरकत आहे? २२ सप्टेंबर २०२५ रोजी लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, तेव्हा कंपन्यांनी कोणत्या मॉडेलमागे किती हजार कमी झाले ते स्वतः जाहीर केले. मनात आले तर किमतीचे तुकडे उघड सांगता येतात, हे त्या आठवड्यांत दिसले.

राज्य सरकारकडे मागणी एकच. प्रत्येक शोरूमने सहीशिक्क्याचे कोटेशन मराठीत द्यावे, त्यात कायद्याने लागणाऱ्या ओळी एका बाजूला आणि ऐच्छिक ओळी दुसऱ्या बाजूला असाव्यात, गाडीच्या निर्मितीचा महिना आणि वर्ष लिहिलेले असावे, आणि असा कागद नसेल तर परिवहन विभागाने त्या विक्रेत्याचे व्यवसाय प्रमाणपत्र तपासावे. हे होईपर्यंत गाडी घ्यायला निघालेल्या प्रत्येकाने हा कागद स्वतःच मागून घ्यावा, निदान दोन शोरूममधून, आणि तो हातात पडेपर्यंत बुकिंगचा एक रुपयाही देऊ नये.