प्राण्यांची नर्स आणि दशांशाचे टिंब



घरी कुत्रा-मांजर असणाऱ्यांनी, आणि ज्यांच्या मुलामुलींना प्राण्यांच्या दवाखान्यात काम करायचे आहे अशा पालकांनी, एका बदलाकडे नीट पाहायला हवे.

जपानने २०१९ साली 'आइगान दोबुत्सु कांगोशी' म्हणजे पाळीव प्राण्यांच्या परिचारकांसाठी कायदा केला. तो १ मे २०२२ पासून लागू झाला आणि पहिली राष्ट्रीय परीक्षा फेब्रुवारी २०२३ मध्ये झाली. त्याआधी या कामाला खाजगी प्रमाणपत्रे होती, सरकारी परवाना नव्हता. आता परवानाधारक परिचारक पशुवैद्याच्या सूचनेनुसार रक्त काढू शकतो, औषध देऊ शकतो, मायक्रोचिप बसवू शकतो. निदान आणि शस्त्रक्रिया मात्र डॉक्टरकडेच. कायदा कुत्रा, मांजर आणि काही पाळीव पक्ष्यांपुरता आहे. गाई-घोडे त्यात नाहीत.

म्हणजे सुई आता परिचारकाच्या हातात आली, आणि सुईबरोबर हिशोबही आला!

हा हिशोब दिसतो सोपा. समजा, २.४ किलोच्या मांजराला किलोमागे ५ मिलीग्रॅम औषध द्यायचे आहे. एकूण १२ मिलीग्रॅम. बाटलीवर लिहिले आहे ५ टक्के. ५ टक्के म्हणजे १०० मिलीलीटरमध्ये ५ ग्रॅम, अर्थात १ मिलीलीटरमध्ये ५० मिलीग्रॅम. तेव्हा सिरिंजमध्ये ०.२४ मिलीलीटर घ्यायचे. पण घाईत कोणी '५ टक्के म्हणजे ५ मिलीग्रॅम' असे धरले, तर २.४ मिलीलीटर भरले जाईल. दहापट! माणसांच्या दवाखान्यात मोठ्यांसाठी अनेक औषधांचा डोस ठरलेला असतो. इथे सकाळी २ किलोचा चिवावा, दुपारी ३० किलोचा लॅब्रॅडॉर. प्रत्येक वेळी नवे गणित.

सलाईनचेही तसेच. ताशी ३० मिलीलीटर द्यायचे असेल तर ६० थेंबांच्या नळीने मिनिटाला ३० थेंब, पण २० थेंबांच्या नळीने फक्त १०. नळी बदलली आणि थेंब तेच ठेवले, तर तिप्पट पाणी शरीरात जाईल.

त्यात जपानी बोलीची एक अडचण आहे. इथे बोलताना नुसते 'मिरी' म्हणतात. ते मिलीग्रॅमही असू शकते आणि मिलीलीटरही. 'तीन मिरी' ऐकून काय समजायचे?

हे सगळे गणित सहावी-सातवीचेच आहे. पण शाळेत उत्तर चुकले तर एक गुण जातो, इथे जीव जाऊ शकतो. म्हणून औषधशास्त्राचा पेपर पास होणे पुरेसे नाही. दमलेल्या अवस्थेत, भुंकणाऱ्या कुत्र्यासमोरही दशांशाचे टिंब जागेवर राहिले पाहिजे. त्यासाठी रोजचा सराव आणि दुसऱ्याकडून पडताळणी हवी. आपले आजी-आजोबा पावकी, निमकी, दिडकी म्हणत. त्यामुळे उत्तराचा अंदाज आधीच मनात तयार असे. तीच सवय इथे उपयोगी आहे: आधी अंदाज, मग कॅल्क्युलेटर.

परवान्याने परिचारकांना मान दिला, हे चांगलेच झाले. पण काम वाढवताना हिशोब तपासायला दुसरा माणूस आणि दोन मिनिटे देणे ही दवाखान्याची जबाबदारी आहे. गर्दीच्या छोट्या दवाखान्यात नेमकी तीच दोन मिनिटे मिळणे कठीण.

आपण काय करू शकतो? प्राण्याचे ताजे वजन सांगा. औषध घरी नेताना 'किती मिलीग्रॅम आणि किती मिलीलीटर?' असे दोन्ही विचारून लिहून घ्या. विचारण्यात संकोच नको!