"लक्षात राहील" म्हणालात की ऑर्डर गेली!



परवा राजापुरात वर्ग होता. आंबापोळी, फणसपोळी, कोकम आगळ असा घरगुती व्यवसाय करणाऱ्या एका ताईंनी विचारलं, "सर, ऑर्डरी लिहायला कुठलं ॲप घेऊ?" मी म्हटलं, "आता कुठे लिहिता?" त्या हसल्या. "थोडं वहीत, थोडं व्हॉट्सॲपवर, बाकी डोक्यात."

खरी अडचण इथेच आहे. ॲप नंतर बघू.

मी स्वतः मार खाल्लाय. एका सीझनला गिऱ्हाइकाने फोनवर चार डझनी पेट्या सांगितल्या. मी "हो हो" म्हणालो आणि संध्याकाळी आठवून लिहिलं. गेल्या सहा डझनी. म्हणजे फळ लहान गेलं! पैसे परत दिले, भाडं अंगावर पडलं आणि गिऱ्हाईक पुन्हा फिरकलं नाही.

खिशातल्या यंत्रावर नोंद करणं काही नवीन नाही. कॅसिओच्या डिजिटल डायऱ्या आठवतात? इवलीशी बटणं, एकेक अक्षर शोधून दाबायचं. १९९३ मध्ये ॲपलचा न्यूटन आला. तुमच्या अक्षरात लिहा, मी वाचतो, असा त्याचा दावा. सुरुवातीला तो इतकं चुकीचं वाचायचा की त्याची थट्टा झाली. १९९६ मध्ये आलेल्या पाम पायलटने उलटं केलं. त्याने ग्राफिटी नावाची सोपी लिपी दिली, बहुतेक अक्षरं एका फटक्यात लिहायची. लोक ती शिकले, नोंदी भराभर व्हायला लागल्या आणि पाम धडाक्यात खपला.

यातून आपण काय घ्यायचं? यंत्र हुशार होण्याची वाट बघू नका. आपली छोटी, ठरलेली पद्धत बनवा. प्रत्येक ऑर्डर एकाच क्रमाने लिहा: तारीख, नाव, माल, किती, कधी द्यायचा, किती जमा. बस्स, एक ओळ. उदाहरणार्थ: "१२ मे, ठाण्याच्या काकू, फणसपोळी १० पाकिटं, शनिवारी, जमा ५००."

आज तर फोनवर मराठीत बोललं तरी टाईप होतं. जरूर वापरा. पण आकडा आणि नाव डोळ्यांनी तपासा आणि फोन ठेवण्याआधी गिऱ्हाइकाला वाचून दाखवा. ऑर्डर व्हॉइस मेसेजवर आली तर तीही त्याच ओळीत उतरवा. नाहीतर ऐन मे महिन्यात वीस मेसेज पुन्हा ऐकत बसणार का?

कुणी म्हणेल, वहीच बरी. वही वाईट नाहीच! पण अर्जुना-कोदवलीला पूर आला की जवाहर चौकात काय होतं, हे राजापूरकरांना मी सांगायला नको. वही भिजली की उधारीही वाहून गेली. फोनही पाण्यात जाऊ शकतो, म्हणून नोंदी ऑनलाइन खात्यात साठतील अशी सोय करून ठेवा. मग दुसऱ्या फोनवरही त्या मिळतात. वहीच वापरायची असेल तर रोज रात्री पानाचा फोटो काढा.

माझं मत स्पष्ट आहे: महागडं यंत्र नको, जागा एक हवी आणि नोंद तिथल्या तिथे हवी. आजपासून सात दिवस "लक्षात राहील" हा शब्द बंद. करून बघा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!